म्युपिरोसिन मलम, 2 टक्के: पाच ग्रॅमच्या ट्यूबचा एका पावसाळ्यातला अनुभव

गेल्या जुलै महिन्यात आमच्या परळच्या घरात म्युपिरोसिन मलमाची पाच ग्रॅमची ट्यूब आली. माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या नाकाखाली आणि हनुवटीवर उठलेल्या पुळ्यांसाठी डॉक्टरांनी ती लिहून दिली होती आणि त्या पुळ्या या मलमाने पाच दिवसांत बऱ्या झाल्या. त्यानंतर दिवाळीपर्यंत घरातल्या आणखी दोघांना त्वचेचे आजार झाले, दोघांनीही कपाटातल्या त्याच ट्यूबची आठवण काढली आणि दोन्ही वेळा तिचा काडीचाही उपयोग होणार नव्हता. औषध म्हणून मी या मलमाला पाचपैकी पाच गुण देते आणि वेष्टनावरच्या माहितीसाठी पाचपैकी दोन. हे मलम अनेक कंपन्या बनवतात, औषध आणि त्याचे प्रमाण तेच असते, त्यामुळे येथे कोणत्याही एका कंपनीचा विचार केलेला नाही.

सुरुवात सर्दीने झाली. सतत पुसून पुसून मुलीच्या नाकाखालची त्वचा सोलवटली होती आणि तिथे एक बारीक फोड आला. तो फुटला, त्यातून पिवळसर पाणी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागी चिक्कीवर गोठलेल्या गुळाच्या पाकासारखी पिवळट, जाडसर खपली धरली. खपलीच्या कडेला ओले दिसत होते. मी जवळच्या एका औषधाच्या दुकानातून, चिठ्ठीशिवाय, “पुळ्यांवर लावायचे काहीतरी” मागितले. दुकानदाराने क्षणभरही न थांबता एक ट्यूब काढून दिली आणि सगळ्यावर चालते, असे सांगितले. ते मलम लावल्यावर पहिले दोन दिवस लाली खरोखरच कमी झाली आणि मला बरे वाटले. तिसऱ्या दिवशी हनुवटीवर दोन नवे फोड आले आणि चौथ्या दिवशी कानाच्या पाळीजवळ आणखी एक खपली दिसली.

ती ट्यूब घेऊन मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहण्याआधी ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचली. त्या एका मलमात क्लोबेटासोल नावाचे स्टेरॉइड, एक प्रतिजैविक आणि एक बुरशीविरोधी औषध, अशी तीन औषधे एकत्र होती. क्लोबेटासोल हे लावायच्या स्टेरॉइडांमधल्या सर्वांत तीव्र गटातले आहे. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबते, म्हणून आजार हटल्यासारखा वाटतो. पण लाली आणि सूज म्हणजे शरीराने जंतूंशी मांडलेला झगडा असतो आणि तोच थंडावल्यावर जंतूंना मोकळे रान मिळते. लहान मुलाच्या चेहऱ्यावर असे मलम आठवडेच्या आठवडे लावले गेले, तर त्वचा पातळ पडते आणि लाल रक्तवाहिन्या कायमच्या दिसू लागतात. “ही ट्यूब आजच बंद करा आणि घरी कुणाला देऊही नका,” असे त्या मला म्हणाल्या आणि तिच्याऐवजी त्यांनी म्युपिरोसिन लिहून दिले. 2018 साली केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेल्या लावायच्या मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीवर बंदी घातली आहे, हेही मला त्या दिवशी समजले. मुंबईत प्रत्येक नाक्यावर औषधाचे दुकान आहे आणि त्यातल्या अनेकांकडून आपण डॉक्टरांसारखाच सल्ला घेतो. त्या चार दिवसांचा पश्चात्ताप मला आजही होतो, म्हणून ही गोष्ट स्पष्टपणे लिहीत आहे.

मुलीला झालेल्या आजाराचे नाव इम्पेटायगो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस या जिवाणूंमुळे तो होतो, आणि उष्ण, दमट हवेत लहान मुलांमध्ये तो फार दिसतो. डास चावून खाजवलेली जागा, खरचटलेला गुडघा, सर्दीने सोलवटलेले नाक, एवढी वाट जिवाणूंना पुरते. संसर्ग त्वचेच्या अगदी वरच्या थरात राहतो, म्हणून तिथपर्यंत मलम पोहोचते आणि बरे झाल्यावर व्रण राहत नाही. या मलमाचा सगळा मोठेपणा आणि त्याची सगळी मर्यादा याच एका गोष्टीत आहे. मुलीच्या पुळ्या तीन-चार जागीच होत्या, म्हणून नुसते मलम पुरेसे ठरले. अंगभर पसरल्या असत्या किंवा ताप असता, तर पोटात घ्यायचे प्रतिजैविक द्यावे लागले असते, असे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते.

आता प्रत्यक्ष मलमाविषयी. ट्यूबचे तोंड पातळ पत्र्याने बंद असते आणि टोपणाच्या उलट्या बाजूला असलेल्या टोकाने ते फोडायचे असते. मलम पांढरट, गुळगुळीत असते आणि त्याला जवळपास वास नाही. त्याचा पाया पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा असल्यामुळे ते पाण्याने सहज धुऊन जाते. व्हॅसलीनसारखा तेलकट थर राहत नाही, आणि जुलैच्या चिकचिकीत लहान मुलाच्या चेहऱ्यावर ही मोठीच सोय आहे. ओल्या जागेवर लावल्यावर मिनिटभर चुरचुरते. मुलगी पहिल्या वेळी रडली. दुसऱ्या दिवसापासून तिने तोंड पुढे करून लावून घेतले. डोळ्यांना लागू द्यायचे नाही, आणि नाकाच्या आत लावायचे म्युपिरोसिन वेगळे मिळते, म्हणून ही ट्यूब नाकपुडीत वापरायची नाही.

लावण्याची पद्धत डॉक्टरांनी दाखवली, आणि माझ्या मते मलमाइतकेच श्रेय या पद्धतीचे आहे. आधी स्वच्छ मलमलचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून खपलीवर पाच-सात मिनिटे धरायचा. खपली मऊ पडून आपोआप सुटली तर काढायची, ओढायची नाही. जागा टिपून कोरडी करायची आणि मगच, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढे मलम बोटावर घेऊन, पातळ थर द्यायचा. ट्यूबचे तोंड त्वचेला टेकवायचे नाही. लावण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवायचे. खपलीवरच मलम थापले, तर औषध खपलीला लागते आणि तिच्याखालचे जिवाणू तसेच राहतात. मी आधीच्या चार दिवसांत नेमके तेच करत होते. दिवसातून तीन वेळा, पाच दिवस, असा हिशोब होता. मुलीची नखे कापली, टॉवेल आणि उशीचा अभ्रा वेगळा केला आणि रोज गरम पाण्यात धुतला. उपचार सुरू होऊन चोवीस तास होईपर्यंत शाळेत पाठवायचे नव्हते. मी दोन दिवस घरी ठेवले, कारण वर्गात एकाच बाकावर तीन मुले बसतात.

दुसऱ्या दिवशी नवा फोड आला नाही. तिसऱ्या दिवशी खपल्यांच्या कडेचे ओल सुकले. पाचव्या दिवशी नाकाखाली फक्त गुलाबी डाग उरला होता, तोही पुढे दोन-तीन आठवड्यांत मिसळून गेला. म्युपिरोसिनचे काम फार नेमके असते: जिवाणूंना प्रथिने तयार करण्यासाठी जे एक एन्झाइम लागते, त्यालाच ते अडवते, आणि प्रथिनांवाचून जिवाणूंची वाढ थांबते. विशेष म्हणजे हे औषध मुळात एका जिवाणूपासूनच मिळाले आहे. स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स नावाचा जिवाणू ते तयार करतो.

ट्यूब कपाटात गेली, तरी डॉक्टरांनी एक गोष्ट पुढचे दीड महिना लक्षात ठेवायला सांगितली होती. स्ट्रेप्टोकॉकसमुळे त्वचेला संसर्ग झाला असेल, तर साधारण तीन ते सहा आठवड्यांनी काही मुलांच्या मूत्रपिंडांना सूज येऊ शकते. सकाळी उठल्यावर डोळ्यांभोवती फुगलेले दिसणे किंवा लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा होणे, ही तिची लक्षणे. त्वचा स्वच्छ झाली म्हणून कुणी हा संबंध जोडत नाही. मी दीड महिना रोज सकाळी मुलीच्या पापण्यांकडे पाहिले. तसे काही झाले नाही.

ऑगस्टच्या शेवटी सासूबाईंच्या उजव्या बरगडीखाली आग होऊ लागली. दोन दिवस त्यांना पित्त वाटले. तिसऱ्या दिवशी त्या जागेवर लाल चट्टा आणि त्याच्यावर भिजलेल्या साबुदाण्यासारख्या पाणीदार फोडांचे पुंजके दिसले. “अगं, पोरीची ती ट्यूब आहे ना, तीच लाव,” असे त्या म्हणाल्या आणि मीही लावली. संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या, पाठ बघितली आणि ही नागीण आहे, असे त्यांनी सांगितले. त्यांचे निदान अचूक होते. उपाय म्हणून मात्र त्यांनी गेरूचा लेप सुचवला आणि नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस वाचत नाही, हेही सासूबाईंसमोरच बोलून गेल्या. त्या रात्री सासूबाई वेदनेपेक्षा भीतीने जास्त जाग्या राहिल्या.

नागीण विषाणूमुळे होते. आणि विषाणू म्युपिरोसिनच्या कक्षेतच येत नाहीत, कारण या औषधाचा रोख जिवाणूंच्या एन्झाइमवर असतो. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाच्या शरीरात तोच विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो आणि वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की पुन्हा जागा होऊन त्या तंतूच्या मार्गाने त्वचेवर येतो. तो तंतू अंगाच्या एकाच बाजूचा असतो, म्हणून फोडांचा पट्टा पाठीच्या कण्यापासून निघून पोटाच्या मध्यरेषेपाशी थांबतो. सामान्य प्रकृतीच्या माणसात तो कमरेला वेढा घालत नाही, आणि दोन्ही बाजूंना पसरलाच, तर अर्थ इतकाच की प्रतिकारशक्ती तपासून घेतली पाहिजे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सासूबाईंच्या पाठीवर बोट फिरवून ही रेषा दाखवली, तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला. “आई, तुमचे फोड इथेच थांबणार आहेत,” असे मी म्हटले. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

इलाज पोटात घ्यायच्या गोळ्यांचा होता: मूत्रपिंडे नीट काम करतात का ते कळण्यासाठी रक्तातले क्रिएटिनिन पाहून, व्हॅलासायक्लोव्हिर एक ग्रॅम, दिवसातून तीन वेळा, सात दिवस. ही औषधे फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत सुरू झाली, तर उत्तम काम करतात. त्या 72 तासांतले जवळपास एक दिवसाचे तास आम्ही चुकीच्या ट्यूबवर घालवले होते. फोडांतल्या पाण्याच्या संपर्कातून कांजिण्या न झालेल्या माणसाला कांजिण्या होऊ शकतात, म्हणून फोड सुकेपर्यंत ती जागा सुती कापडाने झाकून ठेवली. मुलीचे कांजिण्यांच्या लशीचे दोन्ही डोस झालेले होते. फोड दहा-बारा दिवसांत सुकले; वेदना पुढे महिनाभर रेंगाळली. तीन महिन्यांनंतरही काहींची वेदना जात नाही, आणि म्हातारपणी ती शक्यता वाढते. नागिणीवरची लस भारतात 2023 पासून मिळते. पन्नाशीनंतर, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिचे दोन डोस घ्यायचे असतात. ती महाग आहे, तरीही माझ्या आईसाठी मी तिच्याविषयी डॉक्टरांशी बोलले आहे.

तिसरा प्रसंग दिरांचा. सप्टेंबरमधल्या एका मुसळधार दिवशी ते हिंदमातापासून गुडघाभर पाण्यातून चालत घरी आले. त्यांच्या पायाच्या बोटांमध्ये चिखल्या आधीपासून होत्या, त्वचा पांढरी पडून चिरली होती. तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि पोटरी लाल, तापलेली आणि टणक झाली. “वहिनी, ती ट्यूब कुठे ठेवलीत?” असे त्यांनी विचारले. या वेळी मी ट्यूब दिली नाही. डॉक्टरांनी लालीच्या कडेने बॉलपेनाने रेघ ओढली आणि बाजूला वेळ लिहिली; सहा तासांनी लाली त्या रेघेच्या दोन बोटे पुढे गेली होती. जुनी माणसे ज्याला धावरे म्हणतात, तो हा आजार, आणि डॉक्टर त्याच्या खोल प्रकाराला सेल्युलायटिस म्हणतात. जिवाणू तेच, स्ट्रेप्टोकॉकस आणि स्टॅफिलोकॉकस, पण ते त्वचेच्या खालच्या थरात आणि चरबीत उतरलेले असतात. वर लावलेले मलम तिथवर पोहोचतच नाही. दोन दिवस शिरेतून आणि मग आठवडाभर तोंडाने प्रतिजैविक, पाय उशीवर उंच, आणि सोबत चिखल्यांवर बुरशीविरोधी औषध, असा त्यांचा उपचार झाला, कारण बोटांमधली चीर बुजली नाही तर धावरे पुन्हा येते. तपासणीत त्यांची साखर वाढलेली निघाली. पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी, म्हणजे अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजारासाठी, प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या का, हेही पालिकेच्या दवाखान्यात त्याच दिवशी विचारायला हवे होते.

इतर काही आजारांतही लोक हे मलम मागतात, म्हणून थोडक्यात लिहिते. केसाच्या मुळाशी आलेली बारीक पुळी किंवा खरचटलेल्या जागी धरलेला थोडा पू, एवढ्यापर्यंत डॉक्टर ते देतात. पिकलेल्या गळवाला आणि काळपुळीला आत साठलेला पू बाहेर काढावा लागतो. त्यावर मलम चोपडून वाट पाहिली तर दुखणे वाढते, आणि मधुमेही माणसाने तर एक दिवसही थांबू नये. नखुरड्याचेही तसेच. चामखीळ आणि लहान मुलांच्या अंगावर येणारे, मध्ये खळगी असलेले मोत्यासारखे दाणे हे विषाणूंचे आजार आहेत; त्यांतले पुष्कळसे काही महिन्यांत किंवा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. गजकर्ण बुरशीचे असते आणि खरूज किड्याची. यांपैकी कशावरही म्युपिरोसिनचा उपयोग नाही.

हे मलम 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट झाले आहे आणि ते सहज मिळते. मात्र ते प्रतिजैविक आहे, चिठ्ठीवर घ्यायचे आहे, आणि दहा दिवसांपेक्षा जास्त वापरायचे नाही. पुन्हा पुन्हा, थोडे थोडे लावत राहिल्यास स्टॅफिलोकॉकस त्याला जुमानेनासा होतो, आणि शस्त्रक्रियेआधी रुग्णाच्या नाकातले हेच जिवाणू घालवण्यासाठी रुग्णालयांना म्युपिरोसिन लागते. मोठ्या उघड्या जखमेवर किंवा भाजलेल्या जागेवर, विशेषतः मूत्रपिंडाचा आजार असलेल्या माणसाला, ते लावू नये. मलमाच्या पायातले पॉलिइथिलीन ग्लायकॉल अशा जागेतून रक्तात शोषले जाते आणि ते बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर पडते. पाच दिवसांनंतर आमच्या ट्यूबमध्ये एक तृतीयांश मलम उरले होते, आणि पुढच्या दोन्ही आजारांत ट्यूबची आठवण निघाली ती त्या उरलेल्या मलमापायीच. दिरांचा ताप उतरला त्या दिवशी मी ती ट्यूब टाकून दिली.

वेष्टनाचे तीन गुण मी का कापले, तेही सांगते. आमच्या खोक्यावर लाल रेष आणि इंग्रजीतला इशारा होता, पण अक्षरे इतकी बारीक की मला चष्मा लावूनही ती खिडकीपाशी नेऊन वाचावी लागली. मराठीत एक ओळही नव्हती आणि खपली आधी भिजवून काढावी हे कुठेही लिहिलेले नव्हते. तीन ग्रॅमची ट्यूब मिळाली असती, तर मुलीपुरती जवळपास पुरली असती. उत्पादकांकडे माझी मागणी आहे की, लहान आकाराची ट्यूब काढावी, उघडल्याची तारीख लिहायला खोक्यावर मोकळी जागा ठेवावी, आणि त्याच बाजूला वाचता येईल अशा मराठी अक्षरांत छापावे: नागीण, कांजिण्या, चामखीळ, गजकर्ण किंवा पसरत जाणारी तापलेली सूज यांवर हे मलम लावू नये, डॉक्टरांना दाखवावे.